गाडी एकच, पण प्रत्येकाचा कागद वेगळा: व्हिएतनामच्या काळातले मित्रांचे रोड ट्रिप सिनेमे

कॉलेज संपलंय, चारपाच मित्र आहेत, कुणाची तरी गाडी आहे आणि कुठंतरी लांब जायचंय. अशा गोष्टीचे सिनेमे ढीगभर आहेत आणि त्यातले बहुतेक कुणी समजावून सांगायची गरज नसते. पण अमेरिकेत साधारण १९७३ पासून पुढची वीसेक वर्षं काही सिनेमे असे आले की त्यात हेच मित्र, हाच दंगा, हीच मोडकी गाडी, आणि मागे व्हिएतनामचं युद्ध चालू, मात्र ते युद्ध पडद्यावर जवळजवळ दिसतच नाही. एक बंदूक नाही, एक हेलिकॉप्टर नाही. मग आपण बघताना गोंधळतो, की ही पोरं मधेच एवढी गप्प का होतात, लग्न आठवड्यावर आलेलं असताना हा मोडतो का, आणि शेवटी दोन मित्र निरोप घेतात तेव्हा ते एकमेकांकडे असं का बघतात.

त्याचं उत्तर सिनेमात नाहीये, बाहेर आहे. त्या काळातल्या सक्तीच्या लष्करभरतीचे, म्हणजे ड्राफ्टचे नियम नीट माहीत असले की हे सिनेमे एकदम उलगडतात, कारण ज्या प्रेक्षकांसाठी ते केले होते त्यांना हे नियम पाठ होते, त्यामुळे दिग्दर्शकांनी ते सांगत बसायची तसदी घेतली नाही. आपल्याकडे सक्तीची भरती कधी नव्हती, म्हणून आपल्याला ते शिकूनच घ्यावे लागतात. तर आधी नियम, मग सिनेमे.

अमेरिकेत त्या वेळी मुलगा १८ वर्षांचा झाला की त्याने सिलेक्टिव्ह सर्व्हिस नावाच्या सरकारी यंत्रणेत नाव नोंदवणं बंधनकारक होतं. देशभरात सुमारे ४,००० स्थानिक ड्राफ्ट बोर्डं होती, आणि त्यावर बसलेले लोक म्हणजे त्याच भागातले नागरिक. ते प्रत्येक मुलाला एक वर्ग द्यायचे. वन-ए म्हणजे भरतीला तयार, कधीही बोलावू. टू-एस म्हणजे विद्यार्थी, सध्या सूट. फोर-एफ म्हणजे तब्येतीमुळे किंवा इतर कारणाने अपात्र. वन-ओ म्हणजे श्रद्धेमुळे कुठल्याही लष्करी सेवेला नकार देणारा. असे आणखी बरेच होते, पण सिनेमे बघायला एवढे पुरेत. हा वर्ग लिहिलेलं कार्ड खिशात बाळगायचं, आणि तो वर्ग बदलला की आयुष्य बदललं. अंतिम नोटीस यायची तिची सुरुवात ‘ग्रीटिंग’ या शब्दाने व्हायची, राष्ट्राध्यक्षांच्या नावाने, आणि खाली अमुक तारखेला अमुक वाजता अमुक ठिकाणी हजर व्हा. नाही गेलात तर गुन्हा, त्याला तुरुंगवास.

१९६४ च्या उन्हाळ्यापासून १९७३ पर्यंत साधारण १८ लाख मुलं अशी बोलावून घेतली गेली. सगळी व्हिएतनामला गेली असं नाही, कुणाला जर्मनीत टाकलं, कुणाला देशातच ठेवलं, पण नोटीस हातात पडली त्या दिवशी आपण कुठं जाणार हे कुणालाच माहीत नसायचं. शिवाय या आकड्यात एक गोष्ट लपते, ती म्हणजे ड्राफ्टच्या भीतीने आधीच स्वतःहून नाव घालणारे. नौदलात किंवा हवाई दलात गेलो तर निदान जंगलात पायी फिरावं लागणार नाही, नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे राज्यांच्या राखीव फौजेत, जागा मिळाली तर बहुधा देशातच राहू, असा हिशोब करून हजारो मुलं भरती झाली, ती कागदोपत्री स्वेच्छेने आलेली.

सुरुवातीला क्रम वयाप्रमाणे होता आणि १९ ते २६ या वयात कधीही बोलावणं येऊ शकायचं, म्हणजे सात वर्षं टांगती तलवार. यावर फार आरडाओरडा झाला तेव्हा सरकारने लॉटरी आणली. १ डिसेंबर १९६९ ला वॉशिंग्टनमध्ये टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर एका मोठ्या काचेच्या बरणीत ३६६ निळ्या प्लास्टिकच्या कॅप्सूल टाकल्या, प्रत्येकीत वर्षातली एक तारीख. न्यूयॉर्कचे खासदार अलेक्झांडर पिर्नी यांनी पहिली कॅप्सूल काढली, आत निघालं १४ सप्टेंबर. म्हणजे १९४४ ते १९५० या वर्षांत १४ सप्टेंबरला जन्मलेल्या प्रत्येक मुलाचा नंबर एक. मग दोन, मग तीन, असं ३६६ पर्यंत. पुढच्या वर्षी १९५ नंबरपर्यंतच्यांना बोलावलं गेलं. तुमचा वाढदिवस ३०० च्या पुढे निघाला तर तुम्ही सुटलात, आणि तुमच्या खोलीतला मित्र, जो तुमच्याच शेजारी बसून टीव्ही बघतोय, त्याचा १२ निघाला तर त्याचं ठरलं.

यात अजून एक प्रकार झाला जो मला दर वेळी वाचताना अस्वस्थ करतो. कॅप्सूल महिन्यामहिन्याने भरल्या होत्या, जानेवारीपासून सुरू करून डिसेंबर शेवटी, आणि त्या नीट मिसळल्याच गेल्या नाहीत. त्यामुळे वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतल्या तारखा जास्त लवकर निघाल्या. संख्याशास्त्रज्ञांनी नंतर ते दाखवून दिलं आणि पुढच्या लॉटरीत पद्धत सुधारली, पण पहिल्या लॉटरीत जे नंबर निघाले ते निघाले. बरणी जरा जास्त हलवली असती तर डिसेंबरात जन्मलेल्या कितीतरी मुलांचं आयुष्य वेगळं झालं असतं.

आता विद्यार्थ्यांची सूट. कॉलेजात शिकत असेपर्यंत टू-एस, म्हणजे नंबर कितीही लहान असो, सध्या हात लावणार नाहीत. पण डिग्री मिळाली की सूट संपली. पुढे एमए वगैरे करून ती लांबवायची पळवाट होती ती १९६८ मध्ये बहुतेकांसाठी बंद झाली. लग्न झालेल्यांना काही काळ मागे ठेवायचे, ते १९६५ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या आदेशाने थांबलं. आणि १९७१ च्या सप्टेंबरात तर कॉलेजात नवीन येणाऱ्यांची सूटही गेली. म्हणजे ज्या समारंभात टोप्या हवेत उडवायच्या, आईवडील फोटो काढणार, तो समारंभ या मुलांसाठी संरक्षण संपण्याचा दिवस होता. आणि हे फक्त ज्यांना कॉलेज परवडलं त्यांच्याबद्दल, बाकीच्यांना ही चार वर्षंसुद्धा मिळाली नाहीत, शाळा सुटली की कारखान्यात नाहीतर फौजेत. गरीब घरातली, काळी, लॅटिनो मुलं आघाडीवर जास्त का दिसायची त्यामागे ही सूट एक मोठं कारण आहे.

एवढं डोक्यात ठेवून ‘फँडँगो’ बघा. केव्हिन रेनॉल्ड्सचा १९८५ चा सिनेमा, केव्हिन कॉस्नर त्यात अगदी तरुण. काळ १९७१, टेक्सास विद्यापीठ, ऑस्टिन. पदवीची पार्टी चालू आहे, पाच मित्र, स्वतःला ग्रूव्हर्स म्हणवणारे. त्यातला केनेथ येऊन सांगतो की लग्न मोडलं, कारण त्याला बोलावणं आलंय. कॉस्नरने केलेला गार्डनर, त्यालाही आलंय, पण तो ते असं वागवतो की जणू काही झालंच नाही. फिल आरओटीसीत आहे, म्हणजे कॉलेजात असतानाच अधिकारी व्हायचं प्रशिक्षण, जाणार तोही, फक्त खांद्यावर फित लावून. डॉर्मन भलामोठा आणि शांत, पुस्तक वाचत बसणारा, आणि लेस्टर जवळजवळ पूर्ण सिनेमाभर दारू पिऊन बेशुद्ध. पाच जण एका गाडीत, आणि माझं या सगळ्या प्रकारच्या सिनेमांबद्दलचं म्हणणं इथंच येतं: गाडी त्यांना सारखं करते आणि कागद त्यांना वेगळं करतो. चार वर्षं एका छताखाली राहिले, एकच टेबल, एकच उधारी, आणि आता एकाचं पुढचं वर्ष दुसऱ्यासारखं असणार नाही, ते त्यांनी ठरवलेलं नाही, बोर्डाने ठरवलंय. या सिनेमांतला प्रवास म्हणजे ती वाटणी प्रत्यक्षात व्हायच्या आधीचे शेवटचे दिवस. म्हणून त्यात मजा आहे आणि म्हणूनच त्या मजेला घाई आहे.

ते निघतात मेक्सिकोच्या सीमेकडे, रिओ ग्रांदे नदीच्या काठावर पूर्वी कधीतरी पुरून ठेवलेल्या ‘डॉम’ला उकरून काढायला. हा डॉम कोण ते बराच वेळ सांगत नाहीत, शेवटी कळतं ती शॅम्पेनची बाटली आहे. वाटेत पेट्रोल संपतं, वाळवंटात कुणी नाही, रेल्वेचे रूळ मात्र आहेत, तर हे मालगाडीला वायर अडकवून आपली गाडी ओढून न्यायचं ठरवतात. मालगाडी येते, वायर ताणली जाते, आणि गाडीचं पुढचं तोंड उखडून निघून जातं, बाकीची गाडी जागच्या जागी. हा प्रसंग सगळे हसण्यासाठी सांगतात आणि हसू येतंच, पण नीट बघा, पाच पोरं एका अवाढव्य यंत्राला स्वतःला बांधून घेतायत आणि त्यांना वाटतंय की ते हवं तिथं सोडेल.

त्याच सिनेमात पॅराशूटचा प्रसंग आहे, आणि खरं तर सिनेमाचा जन्मच तिथून झाला. रेनॉल्ड्सने फिल्म स्कूलमध्ये असताना ‘प्रूफ’ नावाची छोटी फिल्म केली होती, पॅराशूट शाळेवर, ती स्टीव्हन स्पीलबर्गच्या बघण्यात आली आणि त्याच्या कंपनीने तिचा मोठा सिनेमा करायला पैसे दिले. फिलला सगळे भित्रा म्हणून चिडवतात, म्हणून तो विमानातून उडी मारायला तयार होतो. वर गेल्यावर खाली राहिलेल्यांना कळतं की त्याच्या पाठीवरच्या पिशवीत पॅराशूट नाही, धुवायचे कपडे आहेत. खालून हातवारे, आरडाओरडा, वर काही ऐकू जात नाही. तो उडी मारतो. राखीव पॅराशूट उघडतं म्हणून वाचतो. हे सगळं विनोदी अंगाने चाललंय, पण १९७१ सालच्या एका मुलाला तयारीची खात्री न करता विमानातून बाहेर पाठवलं जातंय आणि तो जातो कारण मित्रांसमोर नाही म्हणता येत नाही, हे त्या काळातून गेलेल्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आणि मग कब्रस्तान. रात्री हे सगळे फटाके एकमेकांवर सोडत, लपत, पळत खेळतायत, अगदी लहान मुलांसारखं युद्ध युद्ध, आणि खेळता खेळता एका थडग्यापाशी येऊन थबकतात, दगडावर व्हिएतनाममध्ये गेलेल्या त्यांच्याच वयाच्या एका मुलाचं नाव. कुणी भाषण करत नाही. पूर्ण सिनेमात युद्ध एवढंच दिसतं, एक दगड. मला विचाराल तर अनेक मोठमोठ्या युद्धपटांतल्या तासाभराच्या गोळीबारापेक्षा हे जास्त लागतं, कारण इथं मरण कुठं दूर आशियात नाहीये, पोरं ज्या गावात खेळायला थांबली त्या गावात आहे.

हा सिनेमा त्या वेळी थिएटरात चाललाच नाही. नंतर व्हिडिओ आणि टीव्हीवर लोकांनी तो शोधून काढला आणि आज त्याचे चाहते वेस्ट टेक्सासमध्ये त्या जागा बघायला जातात. शूटिंग मार्फाच्या आसपास झालं होतं, जिथं ‘जायंट’ या १९५६ च्या सिनेमाचा पडका सेट उभा होता, आणि पोरं एक रात्र त्याच सांगाड्यापाशी काढतात.

आता रस्त्याची दिशा. या सिनेमांत गाडी कुठल्या बाजूला जातेय हे फार महत्त्वाचं असतं आणि आपल्याला ते पटकन लक्षात येत नाही. टेक्सासमधून दक्षिणेला म्हणजे मेक्सिको, म्हणजे नोटीस जिथं पोचत नाही ती बाजू. उत्तरेला गेलं तर कॅनडा. हजारो अमेरिकन मुलं त्या काळात कॅनडात गेली, आणि १९६९ च्या मे महिन्यात कॅनडा सरकारने ठरवलं की स्थायिक व्हायला येणाऱ्याला सीमेवर त्याच्या लष्करी नोकरीबद्दल विचारायचं नाही, तेव्हा तो रस्ता आणखी मोकळा झाला. पण तो एकतर्फी होता. घरी परत आलात तर खटला. आईचं आजारपण, बहिणीचं लग्न, काही असो. ही दारं उघडली ती २१ जानेवारी १९७७ ला, राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ड्राफ्ट टाळणाऱ्यांना माफी दिली तेव्हा, आणि तीही ड्राफ्ट टाळणाऱ्यांना, फौजेत जाऊन मग पळालेल्यांना नाही. त्यामुळे एखादं पात्र सीमेवर गाडी थांबवून नुसतं पलीकडे बघत बसतं ना, तेव्हा तो निसर्ग बघत नसतो.

हे माहीत असलं की ‘अमेरिकन ग्राफिटी’चा शेवट अंगावर येतो. जॉर्ज लुकासचा १९७३ चा सिनेमा, कॅलिफोर्नियातलं मोडेस्टो, १९६२ च्या उन्हाळ्याची एक रात्र. खरं तर ही रोड ट्रिप नाही, पोरं गावातल्या गावात गाड्या फिरवत राहतात, गाणी, रेडिओ, शर्यती. व्हिएतनामचा तिथं मागमूस नाही, १९६२ मध्ये त्या मुलांच्या मनातही नव्हता. आणि सिनेमा संपताना पडद्यावर चार मुलांबद्दल चार ओळी येतात. जॉन १९६४ च्या डिसेंबरात दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याच्या धडकेत गेला. टेरी १९६५ च्या डिसेंबरात व्हिएतनाममधल्या आन लोकजवळ बेपत्ता झाल्याची नोंद. स्टीव्ह मोडेस्टोतच विमा एजंट. कर्ट लेखक आहे, कॅनडात राहतो. संपलं. १९७३ मध्ये थिएटरात बसलेल्या माणसाला कॅनडा या एका नावात काय काय सुचवलंय ते कळलं असणार, सिनेमा मात्र उघड काहीच बोलत नाही. आणि टेरी कोण होता, तर चष्मा घातलेला, सगळ्यांच्या मागे मागे फिरणारा, रात्रभर उसन्या गाडीवर रुबाब करणारा पोरगा.

त्या चार ओळींबद्दल एक तक्रारही करायला हवी. सिनेमात मुली आहेत, चांगल्या ठळक आहेत, आणि शेवटी त्यांच्याबद्दल एक ओळ नाही. टीका तेव्हाच झाली होती. या सगळ्या प्रकारातच ही उणीव आहे, मुलगी म्हणजे निरोप देणारी किंवा मागे राहिलेली, तिच्या मोठं होण्याला गाडीत जागा नाही. नॅन्सी सव्होकाचा १९९१ चा ‘डॉगफाइट’ हा मला माहीत असलेला सुंदर अपवाद, २१ नोव्हेंबर १९६३ ची रात्र, सॅन फ्रान्सिस्को, दुसऱ्या दिवशी देशाबाहेर निघणारे चार मरीन सैनिक आणि एका कॅफेत काम करणारी मुलगी, आणि गोष्ट अर्ध्याहून जास्त तिच्या नजरेने. त्याहून मोठी उणीव म्हणजे व्हिएतनामी माणसं. युद्धात अमेरिकेचे ५८,००० हून जास्त सैनिक गेले, व्हिएतनामी माणसं त्याच्या कितीतरी पट, लाखांच्या घरात, आणि या सिनेमांमध्ये ती कुठंच नाहीत. सिनेमे आपल्या घरच्या अंगणापुरतेच बघतात, हे मान्य करूनच बघावेत.

मग हे सिनेमे केले कुणी? इथं मला फार अर्थपूर्ण वाटणारी गोष्ट आहे. लुकास स्वतः ड्राफ्टच्या तपासणीत मधुमेह निघाल्यामुळे सुटला. ‘बिग वेन्सडे’ करणारा जॉन मिलियस, त्याला तर मरीन्समध्ये जायचंच होतं, दम्यामुळे नाकारला गेला आणि ते त्याच्या मनातून कधी गेलं नाही. म्हणजे हे मागे राहिलेल्यांचे सिनेमे आहेत. युद्ध पडद्यावर का दिसत नाही याचं एक सरळ उत्तर हे की करणाऱ्यांनी ते बघितलंच नव्हतं, त्यांनी बघितली ती रिकामी झालेली जागा. मित्र गेले, आपण एका वैद्यकीय कारणाने राहिलो, आणि त्यात आपलं कर्तृत्व काहीच नाही. ही बोच या सिनेमांच्या तळाशी आहे.

‘बिग वेन्सडे’ (१९७८) मध्ये मालिबूच्या किनाऱ्यावरचे तीन सर्फर मित्र १९६२ पासून १९७४ पर्यंत दिसतात. मधे एकदा गाडी काढून तिहुआनाला जाऊन यायचा राडा आहे. पण सिनेमाचं खरं हृदय भरतीच्या तपासणीचा प्रसंग. सगळे नाटक करायला आलेत. एक पायाला पट्ट्या लावून लंगडत येतो, एक वेडाचं सोंग आणतो आणि ते इतकं वठतं की त्याला खरोखर धरून नेतात, वॅक्सर नावाचा मित्र आपण समलिंगी असल्याचं भासवतो. आणि जॅक, तो सोंग न करता सरळ रांगेत उभा राहतो. लंगडणारा सुटतो, वेडा सुटतो, जॅक जातो आणि परत येतो. वॅक्सरचं सोंग मात्र चालत नाही, त्याला घेतात, आणि तो तिकडेच मरतो. एकाच दिवशी, एकाच इमारतीत, त्याच टेबलामागच्या त्याच माणसांनी केलेले निर्णय. प्रसंग विनोदी लिहिलाय आणि वॅक्सरचं पुढे काय झालं कळल्यावर दुसऱ्यांदा बघवत नाही.

मिलॉश फॉर्मनचा ‘हेअर’ (१९७९) गाण्यांचा सिनेमा आहे म्हणून लोक याला या यादीत धरत नाहीत, मी धरतो. ओक्लाहोमाचा क्लॉड, वडील त्याला रस्त्यावर बससाठी सोडायला येतात, दोघांना धड बोलता येत नाही, आणि तो न्यूयॉर्कला येतो, भरती व्हायच्या आधी शहर बघायला. तिथं बर्गर आणि त्याची हिप्पी मंडळी भेटतात. क्लॉड शेवटी जातोच, नेवाडाच्या तळावर. मग मित्र गाडी घेऊन अर्धा देश ओलांडून त्याला भेटायला निघतात, आणि बर्गर केस कापून, गणवेश चढवून, तळात घुसतो, क्लॉडला म्हणतो थोडा वेळ बाहेर जाऊन ये, तुझ्या जागी मी थांबतो. नेमका तेव्हाच निघायचा हुकूम येतो. बर्गर विमानात चढतो. नाव क्लॉडचं, माणूस बर्गर. यंत्रणेला माणूस कोण आहे याने फरक पडत नाही, डोकी मोजून बरोबर भरली की झालं. मूळ नाटकात मरतो तो क्लॉड, सिनेमात ही अदलाबदल केली, आणि माझ्या मते तो बदल नाटकापेक्षा जास्त खोल गेला, कारण मैत्रीत केलेली एक साधी गोष्ट, अर्धा तास जागा धरून ठेवणं, तीच जीव घेते.

हॅल ॲशबीचा ‘द लास्ट डिटेल’ (१९७३) थोडा वेगळा. इथं तिघेही आधीच नौदलात आहेत. मेडोज, वय १८, पोलिओच्या देणगीपेटीतून ४० डॉलर चोरायचा प्रयत्न केला म्हणून आठ वर्षांची शिक्षा. दोन जुने खलाशी त्याला व्हर्जिनियातल्या नॉर्फोकहून उत्तरेला पोर्ट्समथच्या तुरुंगात पोचवायला निघतात. दोघांचा बेत असा की पोराला पटकन पोचवायचं आणि उरलेल्या दिवसांचा भत्ता परतताना उडवायचा. पण पोरगं इतकं कोवळं निघतं की त्यांना ते जड जातं, म्हणून वाटेत ते त्याला आयुष्य दाखवायला लागतात, बिअर, मारामारी, बर्फात पिकनिक, हॉटेलात आणलेली ऑर्डर चुकली तर परत कशी पाठवायची ते. हा हॉटेलचा प्रसंग मला सगळ्यात जवळचा. मोठं होणं म्हणजे काय, तर मला असं नको होतं, हे तोंड उघडून सांगता येणं, आणि हे त्याला शिकवलं जातंय तुरुंगाच्या दारात नेताना. आणि लक्षात ठेवा, अमेरिकेत १८ वर्षांच्यांना मतदानाचा हक्क सगळीकडे मिळाला तो १ जुलै १९७१ ला घटनादुरुस्ती मंजूर झाल्यावर. त्याआधी अशा मुलाला युद्धावर पाठवता यायचं, आणि ज्यांनी पाठवलं त्यांच्याविरुद्ध मत द्यायला मात्र बहुतेक राज्यांत त्याला २१ चं व्हावं लागायचं.

ड्राफ्टचं शेवटचं बोलावणं १९७२ च्या डिसेंबरात गेलं आणि १९७३ मध्ये तो बंद झाला, फौज पूर्ण स्वेच्छेची झाली. याचा सिनेमांवर एक गमतीशीर नाही, चांगलाच गंभीर परिणाम झाला. आधी रस्ता युद्धाच्या अलीकडे असायचा, आता तो पलीकडे गेला. नोटीसच नाही, तर निघायच्या आधीचे ते शेवटचे दिवसही नाहीत, जो जातो तो सही करून जातो. म्हणून इराकच्या काळातले सिनेमे परत आलेल्यांचे आहेत. ‘द लकी वन्स’ (२००८) मध्ये इराकहून परतलेले तीन सैनिक, एकमेकांचे अनोळखी, विमानं बंद पडली म्हणून एका भाड्याच्या गाडीत बसतात. ‘स्टॉप-लॉस’ (२००८) मध्ये मुदत संपवून टेक्सासला परतलेल्या जवानाला सांगितलं जातं की मुदत संपली नाही, परत जायचंय, कारण करारातच तशी तरतूद आहे, आणि तो गाडी काढतो. पुन्हा तोच प्रश्न, मेक्सिको की कॅनडा. ड्राफ्ट गेला तरी कागद राहिला.

बघायचे असतील तर मी ‘अमेरिकन ग्राफिटी’पासून सुरू करायला सांगेन, कारण त्यात ती मुलं काहीच माहीत नसलेली भेटतात, मग ‘बिग वेन्सडे’, मग ‘फँडँगो’. ‘द लास्ट डिटेल’ शेवटी ठेवा आणि त्याला जोडून रिचर्ड लिंकलेटरचा ‘लास्ट फ्लॅग फ्लाइंग’ (२०१७) बघा. दोन्ही डॅरिल पॉनिक्सन यांच्या कादंबऱ्यांवरून केलेले आहेत. पात्रांची नावं बदललीत पण गणित तेच, तीन माणसं, त्यातल्या एकाला दोघांनी सोबत करायची. आता ते व्हिएतनाममधून आलेले म्हातारे होत चाललेले मित्र आहेत, साल २००३, आणि एकाचा मुलगा इराकमध्ये मारला गेलाय, त्याला घरी आणायला तिघे निघालेत. त्यात लष्कर मुलाच्या मृत्यूची एक गोष्ट सांगतं आणि मुलाचा मित्र दुसरी, आणि बापाला कुठली गोष्ट घेऊन घरी जायचं ते ठरवायचं असतं. तिथं तिघांपैकी प्रत्येक जण त्याला काय सल्ला देतो आणि नंतर त्याच माणसाचं मत कसं बदलतं, तेवढं लक्ष ठेवून बघा.